कुंडीतील वृक्ष आणि बौद्ध दृष्टी : एक चिकित्सा

गेल्या वर्षावासात एका उपासकाच्या घरी परित्राणपाठासाठी जाण्याचा योग आला. तथागतांच्या मूर्तीशेजारी उथळ चिनी मातीच्या कुंडीत जेमतेम हातभर उंचीचा एक पिंपळ ठेवलेला होता. खोड जाड, साल जुनाट, पाने मात्र नेहमीच्या पिंपळपानाच्या मानाने अगदी लहान. घरच्या मुलाने तो एका प्रदर्शनातून आणला होता आणि ही झेन साधनेतून निघालेली बौद्ध कला आहे, असे त्याला तेथे सांगण्यात आले होते. त्याच्या आईला ते पटलेले नव्हते. "सर, मुळं छाटून झाडाला असं लहान ठेवायचं, हे धम्मात बसतं का?" असे त्यांनी विचारले. आम्ही काही बोलण्याआधीच यजमान म्हणाले, "आपल्या लोकांचं दुसरं काय केलं होतं? बोन्सायच ना!"

त्या वेळी आम्ही दोघांनाही गुळमुळीत उत्तर दिले. प्रस्तुत लेख त्या गुळमुळीतपणाची भरपाई म्हणून लिहीत आहोत. बोन्साय ही बौद्ध कला होय, हे मुलाचे विधान आणि शोषित माणूस म्हणजे बोन्साय, हे वडिलांचे रूपक, अशा दोन गोष्टी येथे तपासायच्या आहेत. आमच्या मते दोन्ही जशीच्या तशी टिकत नाहीत. पण त्यांच्या न टिकण्याची कारणे मात्र निरनिराळी आहेत.

प्रथम नावाविषयी. मराठीत या झाडांना 'वामनवृक्ष' म्हणण्याचा प्रघात आहे. तो कोणी पाडला हे शोधण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. परंतु ज्याने बळीला पाताळात दडपले त्याच वामनाचे नाव छाटलेल्या झाडाला मिळावे, हा योगायोग महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' (1873) वाचलेल्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. जपानी शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लागवड. हा शब्दसुद्धा मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रूढ झाला. त्यापूर्वी 'हाची-नो-की', म्हणजे कुंडीतले झाड, असे म्हणत.

या कलेविषयीचा एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. बोन्साय उपाशी ठेवून लहान करतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. त्याला खत दिले जाते, उन्हाळ्यात रोज पाणी दिले जाते. एक-दोन दिवसांची हयगयही त्याला मारू शकते. कोवळी झाडे वर्षा-दोन वर्षांनी आणि जुनी झाडे तीन-पाच वर्षांनी कुंडीबाहेर काढून त्यांची मुळे काही प्रमाणात छाटतात आणि ताज्या मातीत पुन्हा लावतात. फांद्यांना तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळून हवा तो बाक देतात. तार सालीत रुतण्यापूर्वी ती सोडवावी लागते. झाड मुळात बुटक्या जातीचे नसते. तेच जमिनीत लावले तर ते वाढू लागते. सगळी झाडे वाकडीच करतात, हेही खरे नव्हे; 'चोक्कान' नावाच्या शैलीत खोड सरळ आणि ताठ ठेवतात. अर्थात जिवंत फांदीची साल सोलून ती वाळल्यासारखी पांढरी करण्याची 'जिन' नावाची युक्तीही याच कलेत आहे. निसर्गातील वादळ आणि वार्धक्य माळी आपल्या हाताने घडवतो. हे सारे ध्यानात घेतल्याशिवाय या कलेची स्तुती करू नये आणि निंदाही करू नये.

आता बौद्ध कलेच्या दाव्याकडे वळू. पात्रातील लघुनिसर्गाचा उगम चीनमधला आहे. थांग राजपुत्र चांगह्वाय याच्या इ. स. 706 च्या थडग्यातील भित्तिचित्रात सेवक पात्रात खडक आणि लहान झाडे घेऊन चाललेले दिसतात. ते राजदरबाराचे वैभव आहे, साधना नव्हे. जपानमध्ये 1309 च्या कासुगा चित्रपटावर कुंडीतली झाडे दिसतात, तीही एका श्रीमंत घरी. झेन भिक्षूंचा या छंदाशी संबंध होता, हे नाकारण्याचे कारण नाही. जपानच्या बौद्ध धर्माचा पहिला विस्तृत इतिहास 1322 साली लिहिणारे रिन्झाई भिक्षू कोकान शिरेन यांनी पात्रातल्या शिलांवर एक गद्यकाव्य रचले आहे. पण भिक्षूने केलेली प्रत्येक गोष्ट धम्म होत नाही. विसाव्या शतकात, विशेषतः डी. टी. सुझुकी यांच्या 1938 मधील इंग्रजी ग्रंथानंतर, चहा, तलवार, हायकू अशा सर्वच जपानी गोष्टींच्या मुळाशी झेन पाहण्याची सवय पाश्चात्त्य वाचकांना लागली. कुंडीतले झाड त्या रांगेत आपोआप जाऊन बसले. आपल्याकडच्या प्रदर्शनांत ते तिथून आले आहे, क्योतोच्या विहारातून नव्हे.

पालि विनय काय सांगतो? पाचित्तिय नियमांतील अकरावा नियम वनस्पतींविषयी आहे. आळवी येथील भिक्षू विहार बांधण्यासाठी झाडे तोडू लागले, तेव्हा लोक रागावले; हे श्रमण एकेंद्रिय जीवाला इजा करतात, असे म्हणू लागले. तथागतांनी भिक्षूंना फटकारले आणि नियम घातला. येथे बारकावा असा, की झाडाला जीव आहे अशी लोकांची समजूत आहे, हे कारण तथागतांनी पुढे केले. झाडाला मन आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला नाही. नियमाच्या विवरणात मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बीजापासून उगवणाऱ्या अशा पाच प्रकारच्या वनस्पती मोजल्या आहेत. त्यामुळे हाती कात्री घेऊन मुळे छाटणारा भिक्षू पालि विनयानुसार दोषी ठरतो, यात शंका नाही. गृहस्थाला हा नियम लागू नाही.

याहून अर्थपूर्ण आम्हांला कीटागिरीचा प्रसंग वाटतो. अस्सजी आणि पुनब्बसु यांच्या अनुयायांनी तेथे फुलझाडे लावली, त्यांना पाणी घातले, हार गुंफले आणि ते कुलस्त्रियांना पाठवून घरोघरी मर्जी संपादन केली. त्यांना तेथून हाकलून देण्याचा निर्णय संघाने घेतला, तो बागकामापुरता नव्हता. झाड आणि फूल यांचा उपयोग लोकांच्या मनात शिरण्यासाठी झाला, हा आक्षेप होता. म्हणजे विनयाची नजर झाडाकडून माळ्याकडे आणि माळ्याकडून त्याच्या हेतूकडे जाते. कुंडीतील वृक्षाचे मूल्यमापन याच वाटेने केले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

ही वाट पूर्व आशियातील काही लेखकांनीही धरली होती. तेथील तीन रचना आम्ही येथे विचारात घेतो, कारण त्यांत कुंडीतले झाड केवळ शोभेसाठी आलेले नाही.

पहिली, 'हाची नो की' हे नो-नाटक. हिमवर्षावाच्या रात्री एक भटका भिक्षू सानो येथील एका दरिद्री योद्ध्याकडे आसरा मागतो. योद्धा आधी नाही म्हणतो, कारण घरात काही नाही. मग बर्फातून त्याच्यामागे जाऊन त्याला परत आणतो, भरड धान्याचा भात वाढतो आणि जळण संपल्यावर आपल्या कुंडीतली जर्दाळूवर्गी उमे, चेरी आणि पाइन ही तीन लाडकी झाडे तोडून शेकोटी पेटवतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला माजी राजप्रतिनिधी होजो तोकियोरी. पुढे तो योद्ध्याला उमे, साकुरा आणि मात्सु या तीन झाडांची नावे असलेल्या तीन जहागिऱ्या देतो. पालि जातके वाचणाऱ्याला येथे ससजातक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही वेषांतर केलेला अतिथी आहे, अग्नी आहे आणि देण्यासारखे काही नसलेला यजमान आहे. सशाने झाड जाळले नाही, स्वतः आगीत उडी घेतली. आणि त्याला जहागीर नव्हे, चंद्रावरची खूण मिळाली. नाटकातील दानाचा क्षण खरोखर उज्ज्वल आहे. परंतु शेवटी हिशेब मालकनिष्ठेच्या वहीत जमा होतो. सरंजामी व्यवस्था सुंदर गोष्टीलाही पावती फाडल्याशिवाय सोडत नाही. असो.

दुसरी रचना आम्हांला अधिक अस्वस्थ करते. केन्को या भिक्षूच्या 'त्सुरेझुरेगुसा' या 1330 च्या सुमाराच्या ग्रंथात हिनो सुकेतोमो नावाच्या दरबारी सरदाराची छोटीशी गोष्ट आहे. क्योतोच्या तोजी विहाराच्या दारात तो पावसासाठी थांबला असता तेथे हातपाय वळलेल्या विकलांग माणसांचा घोळका दिसला. प्रथम त्याला ती माणसे वैचित्र्यपूर्ण, निरखण्याजोगी वाटली. थोड्या वेळाने गंमत ओसरली, किळस आली आणि साधे, सरळ तेच बरे असे त्याच्या मनात आले. घरी परतल्यावर आपण हौसेने जमवलेली वाकडीतिकडी कुंडीतली झाडे त्याला तशीच वाटू लागली. त्याने ती सगळी उपटून फेकून दिली. केन्कोला हे अगदी योग्य वाटते.

बोन्सायच्या टीकाकारांना हा उतारा प्रिय असतो. आम्हांलाही तो पहिल्या वाचनात आवडला होता. दुसऱ्या वाचनात मात्र प्रश्न पडला की, त्या माणसांचे काय झाले? सुकेतोमोची नजर झाडांनी घडवलेली होती. म्हणून तो माणसांकडेही झाडासारखा पाहू शकला. ती नजर चुकली हे त्याला कळले, पण ती दुरुस्त करताना त्याने काय केले? आवड बदलली. पूर्वी त्याला वाकडे आवडत होते, आता सरळ आवडू लागले. दोन्ही वेळा दारातली माणसे त्याच्या अभिरुचीचे उदाहरणच राहिली. कुतूहल गेले आणि त्याच्या जागी किळस आली. करुणा कुठेच आली नाही. महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेला एकाकी भिक्षू तथागतांना दिसतो, तेव्हा ते आनंदाला पाणी आणावयास सांगतात; स्वतः पाणी ओततात, आनंद अंग धुतो, मग दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर निजवतात. सौंदर्य-कुरूपतेचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. सुकेतोमोने आपली बाग स्वच्छ केली, एवढेच. केन्कोसारख्या भिक्षूला हे खटकू नये, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. अस्पृश्यतेचा अनुभव असलेल्या समाजाला दुसऱ्याच्या किळशीचा इतिहास ठाऊक आहे. त्याने तरी हा उतारा आनंदाने उद्धृत करू नये.

तिसरी रचना आमच्या मते या विषयावरील सर्वांत श्रेष्ठ होय. चिनी विद्वान कुंग त्सुचन (1792–1841) यांनी 1839 साली नोकरी सोडल्यावर 'आजारी मेइ-वृक्षांचे घर' या अर्थाच्या शीर्षकाचा एक लहानसा निबंध लिहिला. मेइ म्हणजे जपानी नाटकातले तेच उमेचे झाड. कुंग हे थ्येनथाय संप्रदायाचे अभ्यासक होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ते सांगतात की, नानचिंग, सूचौ आणि हांगचौ भागांत मेइची झाडे होतात. वाकडे ते सुंदर, सरळ ते नीरस. तिरपे ते देखणे, दाट ते बेढब, असे चित्रकार-पंडितांचे मत असते. परंतु हे मत ते उघडपणे जाहीर करू शकत नाहीत, सर्व झाडांना हीच फूटपट्टी लावा असा हुकूम काढू शकत नाहीत. मग त्यांची ही छुपी आवड कोणीतरी झाडे विकणाऱ्यांच्या कानावर घालतो. विक्रेते सरळ खोडे कापतात, दाट फांद्या छाटतात, कोवळे कोंब मारतात, कारण किंमत त्यालाच येते. अशा रीतीने त्या मुलखातली सारी मेइ-झाडे आजारी झाली. कुंग तीनशे कुंड्या विकत घेतात; एकही झाड धड नसते. तीन दिवस रडून ते त्यांना बरे करण्याचा निश्चय करतात. कुंड्या फोडतात, दोऱ्या सोडवतात, झाडे जमिनीत लावतात आणि पाच वर्षांची मुदत ठरवतात.

हे प्रकरण निव्वळ झाडांचे नाही, हे चिनी वाचक पहिल्यापासून ओळखून आहेत. परीक्षापद्धतीने आणि दरबाराने माणसे कशी खुरटवली, याचे ते रूपक आहे. पण आम्हांला त्यातील सर्वांत मोलाचा भाग रूपक वाटत नाही, यंत्रणेचे वर्णन वाटते. या निबंधात खलनायक नाही. पंडित हातात कात्री घेत नाहीत. मध्यस्थ फक्त निरोप पोचवतो. विक्रेता पोट भरतो. गिऱ्हाईक सुंदर वस्तू घेते. प्रत्येकाचे हात कोरडे, आणि सगळ्या मुलखातली झाडे आजारी! जातिव्यवस्थेविषयी बोलताना आपल्याकडे नेहमी विचारतात, हुकूम कोणी काढला, दाखवा. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, असे मांडले, त्यातही या प्रश्नाचे उत्तर आहे. हुकुमाशिवाय चालणारी व्यवस्था कशी असते, हे बाबासाहेबांच्या सुमारे शंभर वर्षे आधी एका चिनी बौद्ध अभ्यासकाने झाडांच्या बाजारात पाहिले होते. आपल्या अभ्यासवर्गांतून हा निबंध अवश्य वाचला जावा.

तरीही यजमानांचे रूपक आम्ही जसेच्या तसे स्वीकारणार नाही, आणि त्याचे कारण कुंग यांच्या निबंधाच्या शेवटीच आहे. ते म्हणतात की आपल्याला पुष्कळ फुरसत आणि पुष्कळ पडीक जमीन मिळाली, तर सर्व आजारी झाडे गोळा करून बरी करण्यात उरलेले आयुष्य घालवू. हृदय हेलावणारी इच्छा आहे. पण तिच्यात झाड वाट पाहते. छाटणारा माळी आणि सोडवणारा माळी, दोघेही माळीच. झाडाला करण्यासारखे काही नाही. माणसाला झाड म्हटले की त्याच्या मुक्तीसाठी दयाळू माळी शोधावा लागतो. महाडला 20 मार्च 1927 रोजी कोणा माळ्याने कोणाला पाणी घातले नाही; माणसे आपल्या पायांनी तळ्यापर्यंत चालत गेली.

धम्मपदाच्या पंडितवग्गात पाटकरी पाणी नेतात, बाण करणारे बाण सरळ करतात, सुतार लाकूड वाकवतात आणि पंडित स्वतःला वळण लावतात, असा आशय आलेला आहे. त्यावरील अट्ठकथेत सात वर्षांचा पंडित सामणेर सारिपुत्त थेरांमागून भिक्षेला जाताना हीच कामे वाटेत पाहतो आणि विचारतो, या पाण्याला, या लाकडाला चित्त आहे का? नाही, असे उत्तर मिळते. तेव्हा त्याच्या मनात येते की, अचित्त वस्तूला माणूस हवे तसे वळवतो, तर चित्त असलेला माणूस स्वतःच्या चित्ताला का वळवणार नाही? लक्षात घ्या, सामणेराने लाकूड आणि माणूस यांची तुलना केली ती साम्य दाखवण्यासाठी नव्हे. लाकडाला दुसरा वाकवतो; माणसाला वळण लागायचे तर ते स्वतःचे स्वतःलाच. 'तुला बोन्साय केले' असे आपण मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा त्यांच्या वेदनेचे वर्णन बरोबर होते. पण त्यांचे चित्त आपण हिशेबातून वगळतो. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हेच फार थोडक्यात मांडले होते. ती म्हणाली होती, "सर, मी झाड नाही."

एवढे म्हटल्यावर बोन्सायच्या बाजूनेही काही सांगणे आमचे कर्तव्य आहे. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतील काही माळी ओमिया येथे गेले आणि 1925 पासून तेथे बोन्सायचे गाव वसले. रहिवाशांसाठी त्यांनी नियम केले: घरी किमान दहा बोन्साय हवेत, घर दुमजली नसावे, कुंपण झुडपांचे असावे आणि दार सर्वांसाठी उघडे असावे. शेवटचा नियम आपल्याकडच्या किती गावांनी केला होता, हे वाचकांनीच आठवावे.

आणि हिरोशिमा. यामाकी घराण्याच्या रोपवाटिकेत 1625 पासून जोपासलेले एक पांढरे पाइन होते. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब पडला, त्या जागेपासून ही रोपवाटिका सुमारे तीन किलोमीटर अंतरावर होती. भिंतीच्या आडोशाने झाड वाचले. 1976 साली अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त मासारू यामाकी यांनी ते त्या देशाला भेट दिले. आज ते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ते हिरोशिमातून वाचलेले झाड आहे, ही गोष्ट तेथे सर्वांना कळली ती 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. पंचवीस वर्षे तेथील माळी त्याला पाणी घालत होते आणि आपण कशाला पाणी घालतो, हे त्यांना माहीत नव्हते. सानोच्या योद्ध्याच्या दानाला तीन जहागिऱ्यांची पावती मिळाली होती. या दानाला देणाऱ्याने नावही लावले नाही. ज्या राष्ट्राने बाँब टाकला त्याच्या हाती, त्याला काहीही न सुनावता, जिवंत वस्तू ठेवणे याला आम्ही मेत्ता म्हणतो. मग ते करणारा कोणत्या संप्रदायाचा होता, याची चौकशी आम्हांला आवश्यक वाटत नाही.

त्या उपासिकाताईंना आम्ही नंतर कळवले ते असे. गृहस्थाने कुंडीत पिंपळ वाढवण्यास धम्माची आडकाठी नाही. तो सांभाळायचा तर नेमाने पाणी घालावे लागेल, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जावे लागेल. मूर्तीशेजारी घरात कोंडून ठेवू नये, त्याला ऊन लागते. बौद्ध कला म्हणून मात्र त्याचे कौतुक करू नये. आणि पिंपळाची कुंडीच पाहायची असेल, तर महावंसाचा एकोणिसावा परिच्छेद वाचावा. संघमित्ता थेरींनी बोधिवृक्षाची शाखा लंकेला नेली, तीही सुवर्णपात्रातूनच. अनुराधपूरला महामेघ उद्यानात ती जमिनीवर उतरली, तेव्हा तिची मुळे पात्राच्या काठावरून बाहेर आली, पात्राला वेढून टाकत मातीत शिरली, असे ग्रंथकार सांगतो.

ताईंचे उत्तर आले आहे. मुलाशी बोलून येत्या पावसाळ्यात पिंपळ विहाराच्या आवारात लावायचे ठरले आहे. भिंतीपासून किती अंतर सोडावे, अशी त्यांची विचारणा आहे.